पाच मिलिमीटरच्या टोपीत चार मिलिमीटरची मी

मी गिअरच्या तारेवरची नळी बोलते आहे. सायकलच्या दुकानात मला आउटर म्हणतात आणि माझ्या पोटातून धावणाऱ्या तारेला नुसते वायर. नावाबद्दल माझी तक्रार नाही. सध्या मी जेमतेम वीतभर उरले आहे, समोर बाकावर कटर आ वासून पडला आहे, आणि तो उचलला जाण्यापूर्वी मला माझी हकिकत सांगून टाकायची आहे. बोलण्यात घाई जाणवली तर क्षमा असावी.

माझा जन्म कारखान्यातला. आत एक गुळगुळीत पोकळ अस्तर, त्याभोवती लांबीच्या दिशेने उभ्या बसवलेल्या पोलादाच्या बारीक काड्या आणि वरून काळा झगा. शेजारच्या यंत्रावर ब्रेकची नळी तयार होत असे. तिच्या पोटात पोलादाची पट्टी गोल गोल गुंडाळलेली. झगा मात्र दोघींना एकच, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला आम्ही जुळ्या बहिणी वाटतो. मुठीचा सारा जोर तिने सोसावा आणि केसभराची अचूकता मी सांभाळावी, अशी आमची वाटणी. मी दबून आखडत नाही, म्हणून गिअर नेमका पडतो. पण मुठीचा जोर वरचेवर आला तर माझ्या काड्या फाकतात आणि झगा फाडून बाहेर येतात. हे कुणी विसरू नये म्हणून माझ्या अंगावर बारीक पांढऱ्या अक्षरांत छापलेले होते: गिअर, चार मिलिमीटर.

तेथून मी एका बाईच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात आले. सारे तिला ताई म्हणत. तिची भावजय कापडगिरणीत तपासनीस होती. दिवसभर ताग्यांवरून बोटे फिरवून तुटलेला धागा शोधायचा, आणि सुटीच्या दिवशी डोंगरी सायकल घेऊन चढणी पालथ्या घालायच्या, असा तिचा क्रम. तिच्याच सायकलीसाठी ताईने मला मोजायला घेतले. हँडल डावीकडे पूर्ण वळव, उजवीकडे पूर्ण वळव, पुन्हा डावीकडे.

"ताई, थोडी जास्तच ठेवा ना. उगाच कमी नको पडायला," भावजय म्हणाली.

"जास्त ठेवली की झुडपात अडकणार आणि तार आत घासणार. कमी ठेवली की हँडल वळवताना ताण बसून गिअर आपोआप पडणार. ही नळी आहे, वाढत्या अंगाच्या पोराचा सदरा नाही."

तिने मला एका दमात सरळ कापले, तोंड कानशीने सपाट केले, दाबले गेलेले अस्तर टोच्याने उघडले आणि दोन्ही टोकांना टोप्या बसवल्या. मग भावजयीचे बोट धरून माझ्यावरून फिरवले.

"गिअर उशिरा पडला तर पायांना दोष देऊ नकोस, नळी बघ. डोंगरावरून उतरण्याआधी प्रत्येक टोपीशी बोट लाव. एक काडी जरी टोचली, तरी सायकलवरून उतरायचं आणि पायी चालायचं."

दोन वर्षे मी हँडलपासून मागच्या चाकापर्यंत पसरून सेवा केली. ती वर्षे सुखाची होती, असे मात्र म्हणवत नाही. चिखलातून आल्यावर भावजय सायकल धुवायची ती पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने. तो फवारा माझ्या मागच्या तोंडात शिरे आणि सोबत बारीक माती नेई. आतून कुरकुर सुरू झाली. बटण दाबावे तर गिअर पडेना, दुसऱ्यांदा दाबावे तर दोन एकदम. तिच्या नवऱ्याला बायकोची दया आली. तो तसबिरींना चौकटी बसवणारा, हाताने कसबी, स्वभावाने लोभस आणि स्वतःच्या हुशारीवर अंमळ खूश. त्याने माझ्या तोंडात घट्ट ग्रीस कोंबले. आधी नुसती माती होती, आता तिचा लगदा झाला.

ताईने ते पाहिले आणि कपाळावर हात मारला. "अरे, हिला पुसून, वाळवून, पातळ तेलाचे दोन थेंब पुरले असते! आता हिचं काही होत नाही. फेकून दे."

त्याने फेकले नाही. माझा मागचा कुजका भाग तोडला आणि पुढचा धडधाकट तुकडा घरी खणात ठेवला. "कधीतरी कामाला येईल," तो म्हणाला. त्या खणातल्या किती वस्तू हेच ऐकून आत आल्या होत्या!

पुढे डोंगरावरच्या बचाव पथकात सायकलस्वारांची भरती निघाली. वाट चुकलेल्यांना शोधायचे, जखमींपर्यंत आधी पोहोचायचे. वयाची अट पंचेचाळीस, आणि भावजयीचे पंचेचाळिसावे सरत आले होते. पुढच्या वर्षी तिला कुणी दारात उभे केले नसते. सहा महिने ती पहाटे पाठीवर दगडांची पिशवी घेऊन चढणी चढत होती. नेमकी चाचणीच्या आदल्या दिवशी पुढच्या ब्रेकची नळी तडकलेली आढळली. ताई परगावी गेलेली, दुकान बंद.

"अगं, कशाला तोंड पाडतेस?" नवऱ्याने खण उघडला. "ही बघ. तशीच आहे, उलट जास्त ताठ."

मी ओरडले असते, पण मला तोंडे दोन असूनही आवाज नाही. माझ्या अंगावरची अक्षरे त्याच्या अंगठ्याखाली होती. त्याने मला कापले, तेही तिरके, कारण त्याचा हात आयुष्यभर चौकटीच्या कोपऱ्यांना सरावलेला. ब्रेकची टोपी पाच मिलिमीटरची, मी चारची. मी आत हलू लागले तेव्हा त्याने चिकटपट्टी गुंडाळली आणि मला बसवले.

तिने अंगणात ब्रेक दाबून पाहिला. "कसला कडक लागतोय! ताईंच्या हातचाही असा लागला नव्हता."

तो फुलून गेला. पहिल्या दाबाला मी तशीच कडक लागते. फसवण्याचा माझा इरादा नव्हता.

चाचणीची चढण पार होईतो माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मधल्या लहान उतारांवर ती मूठ आवळी, आणि प्रत्येक वेळी एखादी काडी जागची सरके. मी आतून मोजत होते. माथ्यावर परीक्षक घड्याळ घेऊन उभे होते. खाली पुलापर्यंत चाळीस मिनिटे, त्यात सरळ कोसळणारी तीन वळणे.

तिने ब्रेक दाबला. ब्रेकची दांडी सकाळपेक्षा हँडलच्या जवळ आली होती. एवढाच माझा आवाज, आणि तो तिने ऐकला. तिचे बोट चिकटपट्टीवरून सरकले, थांबले आणि झटकन मागे आले. बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब होता. पट्टीतून माझी एक काडी बाहेर आली होती.

"काय झालं, बाई?" मागचा स्वार म्हणाला. "मागचा ब्रेक आहे ना? सावकाश उतरा की."

"मी उतरेन हो सावकाश. उतार ऐकेल का?"

परीक्षकांनी शिट्टी वाजवली. सारे गेले. ती क्षणभर त्या वाटेकडे पाहत राहिली. सहा महिने त्या क्षणात उभे होते, हे मला तिच्या मुठीवरून कळत होते. ती मूठ हँडलवर एकदा घट्ट झाली आणि मग सुटली. ती उतरली आणि सायकल हाताने धरून चालू लागली.

पुलापाशी पोहोचायला तिला पावणेदोन तास लागले. नवरा धावत आला. "पडलीस? कुठे लागलं?"

"नाही पडले." तिने त्याचा हात धरला आणि बोट माझ्या टोपीशी लावले. त्याचेही बोट टोचले.

परीक्षकांनी तिच्या नावावर रेघ ओढली. "पुढच्या वर्षी या," ते सवयीने म्हणाले.

"पुढच्या वर्षी मी तुमच्या नियमात बसत नाही."



ताई परतली तेव्हा तिने आरडाओरडा केला नाही. मला काढून बाकावर ठेवले आणि भावापुढे कटर सरकवला. "काप."

त्याने कापले. तिरके.

"पुन्हा."

"ताई, मी तसबिरीवाला माणूस गं."

"ठाऊक आहे. तसबीर भिंतीवर जागच्या जागी असते. ती उतारावरून खाली येत नाही."

तेव्हापासून दर रविवारी तो येतो आणि मी बोटभर कमी होते. आजचा रविवार अकरावा. प्रत्येक वेळी वाटते, आता तरी साधेल. साधत नाही, आणि उरलेली मी पुढच्या कापाची धास्ती घेऊन आठवडा काढते.

थांबा, त्याने कटर उचलला आहे.

कट्. ताईने माझे तोंड उजेडाकडे धरले. अकरा आठवड्यांत पहिल्यांदा ते अंडाकृती नव्हते, गोल होते.

"हं," ती म्हणाली. तिच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी कुणी ऐकलेली नाही.

तो हसला नाही. "पण तिची संधी गेली ती गेलीच ना?"

"गेली," ताई म्हणाली.

दारातून भावजय आत आली, सायकल घेऊन. सारे तिच्या कानावर पडले होते. तिने नव्या नळीचे वेटोळे बाकावर ठेवले. "पुढच्या ब्रेकची आहे. तूच काप."

त्याने हात पुढे केला, कटरकडे मात्र नाही. आधी त्याने चष्मा लावला, वेटोळे खिडकीशी नेले आणि झग्यावरची अक्षरे शाळकरी पोरासारखी मोठ्याने वाचली:

"ब्रेक. पाच मिलिमीटर."

तेवढेच मला हवे होते. आता खुशाल केरात टाका मला.