दाराबाहेरची चिमी

खोली होती तशीच ठेवलीय, असं स्मारक समितीच्या चिटणीसबाई ज्याला त्याला सांगत होत्या. मेज तेच, दिवा तोच, चष्माही तोच. फक्त मेजाशेजारी ती छोटी लाल खुर्ची कुठून उपटली, ते लेखकाच्या लेकीला कळेना.

"ताई, ही तुमची," चिटणीसबाई म्हणाल्या. "इथं बसूनच गोष्टी ऐकायचात ना?"

"मी या खोलीत कधी बसलेच नाही. बाबा लिहीत असले की आत यायची बंदी होती. आणि ते सतत लिहीत असायचे."

चिटणीसबाई हसल्या. त्यांना तो विनय वाटला. आता यापुढे कपाळावर हात मारून घेण्यापलीकडे माणूस काय करणार?

बाबांच्या पुस्तकांतली चिमी जादूगाराच्या खांद्यावर बसून ढगांची राज्यं पालथी घालायची. तिनं तीनदा टकटक केलं की कुठलंही दार उघडायचं. नाव मात्र लेकीचं उचललेलं. त्यामुळे लेकीची साठी उलटली तरी लोक म्हणत, काय भाग्य हो तुमचं. डोंबलाचं भाग्य. खऱ्या चिमीनं टकटक केलं की आतून एकच शब्द यायचा, "नंतर." त्या पुस्तकातल्या कार्टीचा तिला अजून राग येई.

"उद्घाटनाआधी ती खुर्ची तेवढी काढा," ती म्हणाली. "दुसरं काही मागत नाही."

"अहो, मुलं तीच बघायला येणार."

"मग दाराबाहेर ठेवा. मी तिथंच असायचे."

"बाहेर कोण बघणार तिला?" बाई सहज बोलून गेल्या.

लेकीनं खुर्ची उचलली आणि स्वतःच बाहेर नेऊन ठेवली. चहा पिऊन परत येते, तर खुर्ची पुन्हा मेजाशेजारी. पालथ्या घड्यावर पाणी.

उद्घाटनाला दार लोटून घेतलं होतं. उघडायचा मान लेकीचा. मागे शाळेची मुलं दाटीवाटीनं उभी. तिनं कडीकडे हात नेला, पण बोटांना जुनीच सवय. टक, टक, टक. मुलांनी टाळ्या पिटल्या. चिमी, चिमी, असा एकच गलका झाला.

ती तशीच उभी राहिली.

"ढकला ना, ताई," चिटणीसबाई कानाशी कुजबुजल्या. "आत कोणी नाहीये."

ते तिलाही ठाऊक होतं. पण आतून आज "नंतर"सुद्धा आलं नव्हतं, आणि तिला बाबांचा आयुष्यात कधी आला नव्हता एवढा राग आला.