तीन खिडक्यांची तबकडी

श्रावण गजभिये यांनी संत्र्याच्या झाडाखाली उकिडवे बसून मेलेल्या गवताचे वर्तुळ वितीने मोजले. मग चिमूटभर माती घेतली, चोळली, हुंगली. बोटांवर फिकट निळसर पूड राहिली.

"मोरचूद आणि चुना," ते कॅमेऱ्याकडे न पाहता म्हणाले. "फवारणीचं मिश्रण ड्रममध्ये कालवतात. ते काठावरून सांडलं की भोवतीचं गवत जळतं. हे वर्तुळ ड्रमाएवढंच आहे. तबकडी इथे उतरली असेल, तर तिच्यातले प्रवासी कोंबडीएवढे असावेत."

कॅमेरामन हसला. विजयमाला हसल्या नाहीत. उडत्या तबकड्यांचे पुरावे तपासणारा माहितीपट करायला त्या पुण्याहून निघाल्या होत्या. प्रत्येक गावात त्यांना एक वर्तुळ दाखवले गेले होते आणि एक उजेड सांगितला गेला होता. आता त्यांच्या प्रश्नांत उत्सुकतेपेक्षा सवयच अधिक होती. सौंसरच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या गजभिये सरांना त्यांनी इथल्या तपासणीसाठी बोलावले होते.

"ड्रम माहाच व्हय," बागेचे मालक यशवंतराव म्हणाले. "गोल गेला चुलीत. मले उजेडाचं सांगा, सर."

उजेडावर बरेच अवलंबून होते. पंच्याऐंशीच्या दसऱ्याच्या संध्याकाळी मोहगावजवळच्या या बागेतली तोडणीला आलेली संत्री चोरीला गेली. राखणदार हिरामण तेव्हा बागेत नव्हता. आकाशातून प्रखर उजेड उतरला आणि आपण ओढ्यापलीकडे पळालो, असे त्याचे म्हणणे होते. तोडणीच्या दिवसांत बाग सोडून जाणाऱ्या राखणदाराला सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत पुन्हा कोणी बागेत उभे करीत नसे. त्यातच, चोरांना तोच सामील असावा, असेही गावात बोलले जाऊ लागले होते. यशवंतरावांनी निर्णय लांबवला होता. सर सांगतील ते खरे, असे ते चारचौघांत बोलून बसले होते.

कॅमेरा हिरामणकडे वळला.

"काय दिसलं, ते सांगा," विजयमाला म्हणाल्या.

"ताटली, जी. उलटी ठेवल्यासारखी. खाली तीन खिडक्या. उजेड फेकून राहिली होती."

"आवाज?"

"भोवऱ्यासारखा."

"अबे, भूत असन ते," यशवंतराव मध्येच बोलले. "त्या चिंचेवर हायेच. माह्या बापानं पाह्यलं होतं. भूत म्हणला असता, तं मी तवाच सोडून देलं असतं तुले. हे ताटलीचं लचांड काहून काढलं?"

"भूतबित आमी नाही मानत, मालक," हिरामण म्हणाला. इतका वेळ चाचरणारा त्याचा आवाज या एका वाक्यापुरता ठाम होता.

गजभिये सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. उलटी ताटली, तीन खिडक्या, भोवऱ्याचा आवाज. हे सगळे त्यांनीच गेल्या वर्षी बुद्धविहारातल्या फळ्यावर काढून दाखवले होते. व्याख्यानाचा विषय होता, 'उडत्या तबकड्या: एक गैरसमज'. खिडक्या तीनच निघाल्या, कारण तिसरीनंतर खडू मोडला. समोर पहिल्या रांगेत हिरामण बसला होता. लोकांनी युक्तिवाद शांतपणे ऐकून घेतला होता आणि जाताना चित्र घरी नेले होते.

दसऱ्याच्या संध्याकाळी हिरामण कुठे होता, हेही त्यांना ठाऊक होते. नागपूरला, दीक्षाभूमीवर. म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन तो पाण्याच्या नळापाशी उभा होता, आणि तिच्यासाठी गडवा भरून देणारे गजभिये सरच होते. "मालक सुट्टी नाही म्हणे," ती म्हणाली होती. "पण यंदा नाही आली, तं मंग कवा येऊ, बापू?"

तीच म्हातारी, अंबाबाई, आता बांधावर बसली होती. सगळे जण सरांकडे पाहत होते. ती तेवढी नखाने जमिनीतली एक हरळी उपटत होती.

"सर, समारोप घेऊ या," विजयमाला म्हणाल्या. "वर्तुळाचं झालं. साक्षीदाराबद्दल काय म्हणाल?"

"म्हंजे हेच," यशवंतराव पुढे सरकले, "हिरामण खरा का खोटा? मले बी तो घरच्यासारखा हाय, सर. पण लोकाईले काय सांगू?"

निरीक्षणापलीकडे विधान करायचे नाही, हे गजभिये सर वर्षानुवर्षे मुलांना शिकवत आले होते. आज त्यांच्यापाशी निरीक्षण होते. स्वच्छ, जवळून केलेले, शंकेला जागा नसलेले.

त्यांनी चष्मा चढवला.

"हिरामणला उजेड दिसला," ते म्हणाले. "तो पळाला. कोणीही पळाला असता. तो उजेड कसला होता, हे मला सांगता येत नाही."

कॅमेऱ्याची घरघर थांबली. यशवंतरावांनी टोपी काढून घाम पुसला.

"झालं तं मंग. संध्याकाळून जागलीवर ये रे. आन् येता येता चिंचेखाली नारळ फोड."

"जागलीवर येतो, मालक. नारळ तुमीच फोडा."

अंबाबाई उठली. मुलाचा हात धरून ती सरांच्या समोरून गेली, क्षणभर थांबली, "जयभीम" एवढेच म्हणाली आणि चालू लागली.

जीपमध्ये सामान चढत असताना विजयमाला सरांपाशी आल्या.

"तुमचं नाव मला कुठून मिळालं, ते सांगायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "तुमच्या विहारातल्या व्याख्यानाची बातमी आली होती. सोबत फळ्याचा फोटो होता."

गजभिये सरांनी खिशातून रुमाल काढला.

"चांगला स्पष्ट आला होता फोटो," त्या म्हणाल्या. बागेच्या टोकाला हिरामण आईला ओढ्याच्या दगडांवरून हळूहळू पलीकडे नेत होता. ती दोघे पलीकडे पोचेपर्यंत विजयमाला तिकडेच पाहत राहिल्या. मग कोरड्या आवाजात त्यांनी विचारले, "पडद्यावर नावाखाली 'भौतिकशास्त्राचे प्राध्यापक' असंच लिहू ना?"

सरांनी रुमालाने बोटे पुसली. निळसर पूड नखांच्या कडांत तशीच राहिली.

"नको," ते म्हणाले. "नुसतं नाव लिहा."