भंतेले रागावणारी

नागपूरहून निघतानाच आईनं मले बजावलं होतं, "नंदिनी, पोट्टा सुखात असंल तं राहू दे. वाळून काडी झाला असंल, तं सरळ घरी घेऊन ये." पोट्टा म्हणजे माझा लहान भाऊ प्रेमानंद. आता तो भंते धम्मानंद आहे, अन् श्रीलंकेत गावोगाव फिरून राहिला. एका गावात महिना, दोन महिने, मग पुढचं गाव.

गेली तं काय, काडीच! चिवरातून खांद्याची हाडं दिसून राहिली. मी मनात ठरवून टाकलं, न्याचंच आता याले. लकडगंजात आमचं मसाल्याचं दुकान आहे. दोन टाइम पोटभर जेवंल अन् गल्ल्यावर बसंल.

सकाळी त्याच्या मागं मागं भिक्षेले निघाली. समुद्राच्या काठानं रस्ता, नारळाची झाडं, अन् पावलापावलावर लोक. जाळं झटकणारा कोळी हात धुऊन पाया पडला. ऑटोवाला सवारी तशीच सोडून खाली उतरला. शाळेतले पोट्टे रांगेनं वाकले. मले बरं वाटलं, खोटं काहून बोलू? पण जीवही जळून राहिला. सगळे याच्या पायाच पडतात, रागावते कोण? घरी आई ओरडायची, मी ओरडायची, तेव्हा कुठं ताट संपायचं. स्वतःचा डब्बा रोज दुसऱ्याले चारणारा पोट्टा हा!

सीलावती नावाच्या म्हाताऱ्या बाईनं कुंपणापाशी उभं राहून त्याच्या पात्रात भात अन् फणसाची भाजी वाढली. पुढच्या वळणावर एक पिल्लं असलेली कुत्री आडवी आली. यानं अर्धं पात्र तिच्यासमोर रितं केलं.

"आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते! काय भंते, रोज हेच करता का?"

"पिल्लं आहेत वं ताई तिले," तो हसला.

तेवढ्यात सीलावती मागून आली. तिनं सगळं पाह्यलं होतं. आधी खाली बसून तीनदा डोकं टेकलं, रीतसर. मग उठली, कमरेवर हात ठेवले, अन् जे सुरू झाली, बापा बापा! तिच्या भाषेतलं मले एक अक्षर येत नाही, पण सगळं समजलं. बोट कुत्रीकडे, मग याच्या हाडांकडे, मग सूर्याकडे, कारण दुपारचे बारा वाजले का भंतेले दुसऱ्या सकाळपर्यंत जेवता येत नाही. अन् आमचे भंते? खाली मान घालून उभे, आईसमोर राहायचे तसेच.

तिनं त्याले अंगणात नेलं, खुर्चीवर पांढरं कापड टाकलं, पात्र पुन्हा भरलं अन् समोर उभी राहिली. मलेही वाढलं. चांगलं झणझणीत होतं, आपल्यासारखं.

"ही एवढी बोलते तुम्हाले?" मी विचारलं.

"ही तं बरी," तो हळूच म्हणाला. "मागच्या गावात दोघी होत्या."

"अन् पुढच्या गावात?"

"असंलच कोणी. भेटतेच एक."

मले हसू फुटलं अन् डोळेही भरून आले. तेवढ्यात आईचा फोन आला.

"कसा आहे वं माझा लेक? आणून राहिली न त्याले?"

मी पाह्यलं. सीलावती पळी घेऊन पुन्हा वाढायले आली होती, अन् तो नाही नाही म्हणत पात्रावर हात आडवा धरून राहिला होता.

"आई," मी म्हटलं, "मी एकटीच येऊन राहिली."