टी-१४ बाहेर नेण्याबाबत

मी इंजिनीअरिंगला गेले ते बाबांमुळे. त्यांचं पंपदुरुस्तीचं छोटंसं दुकान. मोठ्या कारखान्यात मला कायमची नोकरी मिळावी, हे आम्हा दोघांचंही ठरलेलं. दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली तेव्हा बाबांनी गिऱ्हाइकांना माझं कौतुक सांगून सांगून पिडलं.

पहिल्याच दिवशी मॅनेजरांनी मला दोन पंपांच्या मधोमध, जमिनीवर रंगवलेल्या पिवळ्या चौकोनात उभं केलं. "इथून बघ, शीक. कशालाही हात लावायचा नाही." मी गुणी मुलगी! नाही लावला.

सातव्या आठवड्यात ड्रॉइंगवाले काका आले. प्रत्यक्षात जे जिथे आहे ते तसंच्या तसं नकाशावर उतरवायचं, हे त्यांचं काम, आणि त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी टेप लावून माझी उंची-रुंदी घेतली. मला वाटलं, गणवेश मिळणार.

शेवटच्या दिवशी घरी निघताना गेटवर रक्षकाने मला अडवलं. माझं नाव इंटर्नच्या यादीत नव्हतंच. यंत्रांच्या यादीत मात्र मी होते, टी-१४.

मी तशीच मॅनेजरांकडे धावले.

"नकाशावर सह्या झाल्यात," ते म्हणाले. "आता चौकोन रिकामा दिसला तर तपासणीवाले माझं डोकं खातील."

"सर, उद्या माझी तोंडी परीक्षा आहे. ती चुकली तर पदवी गेली!"

"पाच वर्षांनी स्वतःला याच कारखान्यात पाहते, असं अर्जात तूच लिहिलंस ना?"

कपाळ माझं! मी चौकोनात परत जाऊन ढसाढसा रडले. फिटरने येऊन माझ्याकडे निरखून पाहिलं आणि वहीत लिहिलं, 'किंचित गळती. चालेल.' पण माणूस भला. तोच हळूच म्हणाला, "दुरुस्तीला यंत्र बाहेर जातं. दुरुस्तीवाल्याने येऊन गेटपासवर बिघाड लिहायचा, की झालं."

मी बाबांना फोन लावला.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, हत्यारांची पिशवी घेऊन आले. मला गेटपाशी आणण्यात आलं. रक्षकाने गेटपासचा फॉर्म पुढे केला.

"बिघाड?" बाबा चिडले. "हिच्यात? अहो, नववीत असताना हिने अख्खी मोटर खोलून जोडली होती!"

"मग बाहेर कशाला नेताय?"

"बाबा, लिहा ना काहीतरी!"

"खोटं कसं लिहू गं?" म्हणता म्हणता बाबांनी कान टवकारले. आतून खडखड ऐकू येत होती. "पंपाच्या पायाचा बोल्ट सैल झालाय. कधीपासून?"

"दोन महिने झाले."

"तू तिथेच उभी होतीस ना?"

"हात लावायचा नाही, असं सांगितलं होतं."

बाबांनी फॉर्म पुढे ओढला. मग त्यांनी पेन घेतलं आणि लिहिलं, 'समोर बिघाड दिसत असूनही हात लावत नाही.' रक्षकाने खाडकन शिक्का मारला. गेट उघडलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बाबांच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि परत आत पळाले. पंप बंद केला, पाना लावला, बोल्ट आवळला. मॅनेजर येऊन ओरडले, "नोकरी विसर आता!" मी विसरले. पंप पुन्हा सुरू केला तेव्हा त्याचा आवाज अगदी एकसारखा येत होता.

गेटवर आले तर बाबा फॉर्मवर काट मारत होते.

"अहो, बिघाड खोडलात?" रक्षक गडबडला. "मग आता ही बाहेर कशी जाणार?"

"चालत," बाबा म्हणाले.