पँटचं माप

सोमवारी सकाळी माझा उजवा पाय गादीवरून वीतभर उडाला आणि आईच्या हातातली बादली हातातच राहिली.

"हलला," ती म्हणाली. "तू हलवलास?"

"नाही."

"म्हणजे आपणहून हलला." ती खाटेच्या कडेवर बसली आणि हसली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

चौदा महिन्यांपूर्वी एका दुकानाची पाटी रंगवताना मी परांचीवरून पडलो. मणका मोडला. कमरेखाली पाय आहेत, पण शेजाऱ्याचे असावेत इतकाच आमचा संबंध. लघवीसुद्धा आपली आपण होत नाही. चार-चार तासांनी मी नळी घालून ती बाटलीत काढतो आणि बाटली आई रिकामी करते. बत्तीस वर्षांच्या माणसाने यावर विनोद करावेत, नाहीतर भिंतीवर डोकं आपटावं. मी दोन्ही करून पाहिलंय.

पाय का उडाला, ते मला तेव्हाच कळलं. दवाखान्यातून सोडताना सिस्टरने बजावलं होतं, "दादा, तुम्हाला जळजळ कळणार नाही. लघवीत जंतू झाले की पाय उडतील, लघवी गढूळ होईल, वास मारेल. त्याच दिवशी यायचं. विष रक्तात गेलं तर आमच्याही हातात काही राहत नाही."

मी मूग गिळून बसलो. आई कपाट उघडून राखाडी कापड शोधत होती. ती लोकांचे कपडे शिवते, पण अपघातानंतर मला तिने नाडीच्या पायजम्याशिवाय काही शिवलं नव्हतं.

"पँट शिवते," ती म्हणाली. "चालायला लागल्यावर पायजम्यात फिरणार आहेस का?"

गळ्यातली टेप काढून तिने कंबर घेतली, मांडी घेतली. घोट्याशी टेप धरली आणि पाय पुन्हा उडाला. टेप सुटली. "धीर धर रे," ती पायाला म्हणाली, लहानपणी मला म्हणायची तशी.

मंगळवारी लघवी गढूळ झाली. बाटली मी टॉवेलखाली झाकून ठेवली, जणू वासाला टॉवेल अडवतो. आई ती घेऊन गेली, धुऊन आणली, जागेवर ठेवली. एक अक्षर बोलली नाही. मला हायसं वाटलं. मग वाटलं, ती काहीच बोलत नाही म्हणजे वावगं काही नसेलच. खरंच पायांना जाग आली असेल. सिस्टर काय, सगळ्यांनाच तसं सांगते. आशा माणसाला किती मूर्ख बनवते, हे मी स्वतःवरून सांगतो. बुधवारी दोन्ही पाय उडत होते, मला कपाळावर घाम फुटला होता, आणि आम्ही मायलेक पँटला खिसे किती हवेत यावर वाद घालत होतो.

गुरुवारी दुपारी हुडहुडी भरली. खाट खडखडायला लागली. आईने जवळच राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, फोन केला. ताई आली, बाटलीकडे पाहिलं आणि औषधांचं कपाट उघडलं. आतल्या बाजूला कागद चिकटवलेला होता. तो तिने मोठ्याने वाचला, "पाय उडणे. गढूळ. वास. ताप. त्याच दिवशी दवाखाना." मग आईकडे वळली. "हे अक्षर कुणाचं?"

आईने शिलाई मशीनवर हात ठेवला आणि तो तिथून काढला नाही.

सिस्टर बोलत होती तेव्हा ते लिहून घेत आई माझ्या शेजारीच उभी होती. हे मी कसं विसरलो, देव जाणे.

दवाखान्यात पाच दिवस सलाईनमधून औषध गेलं. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंड थोडक्यात वाचलं, पुढच्या वेळी वाचेलच असं नाही. ताप उतरला आणि पाय निपचित पडले. आई चादरीवरून ते चाचपत राहायची.

"तू गप्प होतास," शेवटच्या दिवशी ती म्हणाली. "मला वाटलं, शरीर तुझं, तुला कळलंच असतं. तू बोलला नाहीस, तेव्हा नसेलच."

"मलाही तुझं तसंच वाटलं."

ती रडली. मीही रडलो. पुढच्या वेळी ज्याला आधी दिसेल त्याने तोंड उघडायचं, असं आम्ही ठरवलं.

घरी येऊन तीन आठवडे झाले. राखाडी पँट दारामागे टांगलेली आहे, खालची दुमड न घातलेली. काल सकाळी आई खोलीतच मशीनवर बसली होती आणि माझा उजवा पाय उडाला. मशीन थांबलं. तिने पाहिलं, मी तिला पाहताना पाहिलं.

मी म्हणालो, "आई, बाटली बघ. ताईला फोन लाव."

"लावते." ती उठून माझ्यापाशी आली आणि माझ्या गुडघ्यावर तळवा ठेवून बसली. "लावते रे. एवढा एकदा हलू दे."