व्हर्नाच्या कपड्यांचा वास

लिंबाच्या वासाचं फरशी पुसायचं औषध बंद झालं, तेव्हा व्हर्ना कोमो आठवडाभर धुसफुसत होती. हॅलिफॅक्सच्या त्या कॉलेजचं वाचनालय ती बावीस वर्षं झाडत-पुसत आली होती. पण वासाने काहींना दम लागतो, म्हणून इमारतीत कसलाही सुगंध नको असा नियम झाला म्हटल्यावर तिने तो मनावर घेतला. संडासातल्या सुगंधी वड्या तिने स्वतः उपटून फेकल्या. अत्तर मारून आलेल्या पोरांना ती दारातच गाठायची. "काय रे, लग्नाला निघालायस का? जा, मान धुऊन ये आधी!"

त्या सोमवारी बाहेर बर्फ होतं, खिडक्या बंद होत्या. ब्रिन नावाची दमेकरी मुलगी कोपऱ्यात वाचत बसली होती. तिच्या टेबलाखालची कचऱ्याची पिशवी बदलायला व्हर्ना वाकली, आणि ब्रिनला खोकल्याची उबळ आली. ती थांबेचना. खुर्ची कलंडली, पोरगी जमिनीवर.

"कोण आलंय वास मारून?" व्हर्ना ओरडली आणि तिने ब्रिनला छातीशी धरलं. ब्रिनचे ओठ निळे पडायला लागले. ती व्हर्नाला ढकलत होती, तिच्या हाताला नखं मारत होती. घाबरलीय बिचारी, असं वाटून व्हर्नाने तिला आणखी घट्ट आवळलं. "मी आहे ना बाळा, मी आहे."

ग्रंथपाल गिलिस इन्हेलर घेऊन धावत आला आणि जवळ येताच थबकला. "व्हर्ना, सोड तिला! मागे हो! तुझ्याच कपड्यांना वास येतोय!"

"माझ्या? मी काही लावत नाही रे!"

"ड्रायरमध्ये काय टाकतेस?"

व्हर्नाने ब्रिनला सोडलं. दर रविवारी ड्रायरमध्ये वाळवायच्या कपड्यांबरोबर, ते मऊ व्हावेत म्हणून, दोन सुगंधी कागद. आई टाकायची, म्हणून तीही टाकायची. तिने बाही नाकाशी नेली. तिला कसलाच वास आला नाही. ती मागे सरकत भिंतीला टेकली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तिथेच, हात अंगापासून लांब धरून, उभी राहिली.

ब्रिन वाचली. नऊ दिवसांनी परत आली. तोवर व्हर्नाने जुना गणवेश टाकून नवा मागून घेतला होता, ड्रायर सोड्याने पुसून काढला होता. तरी ती दारातच थांबली.

"या ना आत," ब्रिन म्हणाली.

"नको. इथूनच बरी आहे मी."

"त्या दिवशी मी तुम्हाला नखं मारली."

"आणखी जोरात मारायचीस, पोरी. मला अक्कल कुठे होती?" व्हर्ना म्हणाली.

ब्रिनने समोरची खुर्ची पायाने पुढे ढकलली. "बसा पाच मिनिटं. त्रास झाला तर सांगेन."

व्हर्ना अंग चोरून बसली. ब्रिन पानं उलटत होती, आणि व्हर्ना तिची वर-खाली होणारी छाती बघत होती, एकेक श्वास.