काकांचा कोरडा कोपरा

भर पावसात काका-काकूंचं पुन्हा जुंपलं. कारण नेहमीचंच, गोठ्यातला कोरडा कोपरा. तिथं काकांनी स्वतःचं सरण रचून ठेवलं होतं, आणि शेळ्या बाहेर भिजत होत्या.

"मेल्यावर ओल लागू नये म्हणून जित्या जिवांना भिजवता होय?" काकू म्हणाली.

"शेळ्यांना अंग झटकता येतं. मला तेव्हा येणार नाही."

काकांचंही खरं होतं. त्यांचा बाप अशाच झडीत गेला. लाकूड ओलं, नुसता धूर. माणसं खोकत खोकत पांगली आणि शेवटी ट्रॅक्टरचा जुना टायर टाकावा लागला. तेव्हापासून काका वाळकं लाकूड जमवायला लागले. रचून झाल्यावर वर आडवे पडून त्यांनी मापही घेतलं. पाय बाहेर लोंबत होते, म्हणून ओंडका वाढवला.

गावाला हे अभद्र वाटायचं. शिंप्याला तर फारच. आमच्या गोठ्यावरून जाताना तो तोंड फिरवायचा. "मरणाला आवतण देऊ नये, जेवायच्या आधी येऊन बसतं," म्हणायचा.

भांडण झालं त्याच दुपारी शिंपी मशीनवर बसल्या बसल्या गेला. कुणाच्या तरी सदऱ्याची एक बाही राहिली.

त्याचा थोरला मुलगा डोक्यावर पोतं घेऊन दारात उभा राहिला. "काका, गावात सुकी काडी नाही. थोडी लाकडं दिली तर..."

"थोडी? तुझा बाप काय थोडा होता?"

काकांनी सरणावरचा ताडपत्रीचा तुकडा ओढला. "ने सगळी. टायर आणू नका म्हणजे झालं."

"अहो, सगळी नका देऊ," काकू हळूच म्हणाली. इतकी वर्षं भांडणारी तीच.

गोठ्याकडं न बघणारी माणसं आता ओंडके खांद्यावर घेऊन रांगेनं गेली. शिंपी धडधडून पेटला. पाय मात्र त्याचे आखूड, वाढवलेला ओंडका वाया गेला.

दुसऱ्या दिवशी शेळ्या कोपऱ्यात होत्या आणि काका अंगणात ओल्या खोडावर कुऱ्हाड घालत होते. दर घावाला कंबर धरत होते.

"वाळायला दोन उन्हाळे लागतील," काकू म्हणाली.

"तेच ना. तोवर थांबणं आलं."

काकू गोठ्यात गेली, आणि एका शेळीला ढकलून तिनं कोपऱ्यात जागा केली.